उपदेश न करणारा प्राध्यापक

गेल्या वर्षीच्या गणेशोत्सवातली गोष्ट. तिसऱ्या दिवशीची संध्याकाळची आरती आटोपली होती आणि आम्ही मंडळी प्रसादाच्या रांगेत उभे होतो. आपल्याच मंडळातल्या एका जुन्या कुटुंबातली सूनबाई माझ्याजवळ आली. मी इथे इंदुरात उभा जन्म मास्तरकी केली, त्यामुळे मुलांच्या तक्रारी अजूनही माझ्याकडे येतात. ती म्हणाली, "सर, शाळेतून चिठ्ठी आली म्हणून मुलाला काउन्सेलरकडे नेलं. पाऊण तास आत बसला. बाहेर आल्यावर विचारलं, काय सांगितलं रे बाईंनी? तर म्हणतो, काही नाही, मीच बोलत होतो. अहो, मग त्या फी कशाची घेतात?" तिच्या सासूबाई शेजारीच होत्या. त्या म्हणाल्या, "आमचे मामंजी ओट्यावर बसवून चार शब्द सुनवायचे. पैसा लागत नव्हता."

सगळे हसले, मीही हसलो. पण त्या बाई पाऊण तास गप्प का बसल्या, याला ऐंशी-पंच्याऐंशी वर्षांचा इतिहास आहे आणि तो बराचसा एका प्राध्यापकाच्या नोकरीचा इतिहास आहे. स्मरणिकेत इतिहासावरचा लेख म्हटला की होळकर, शिंदे, फार तर एखाद्या सरदारवाड्याची वंशावळ अशी आपली रीत. यंदा मी अमेरिकेतला माणूस घेऊन आलो आहे, संपादकांनी सांभाळून घ्यावे.

आधी शब्दाचेच पाहू. काउन्सेलिंगसाठी मराठीने 'समुपदेशन' हा शब्द घडवला. शब्द डौलदार आहे, पण त्याच्या पोटात 'उपदेश' मांडी घालून बसला आहे. आपल्याकडच्या हिंदी पाट्यांवर 'परामर्शदाता' असते. तिथेही कोणीतरी दाता आहे आणि समोरचा घेणारा. या विद्येतून उपदेश आणि दातेपण दोन्ही काढून टाकण्यासाठी ज्यांनी विद्यापीठातली सगळी कारकीर्द खर्च केली, त्या कार्ल रॉजर्स यांच्या हाताखाली अमेरिकेतल्या समुपदेशकांची एक शिकलेली पिढी तयार झाली.

रॉजर्स यांचा जन्म ८ जानेवारी १९०२ चा, शिकागोजवळच्या ओक पार्क गावचा. सहा भावंडांत ते चौथे. वडील बांधकामातले इंजिनिअर, घर खाऊनपिऊन सुखी आणि कमालीचे सोवळे. पत्ते नाहीत, नाच नाही, नाटक नाही. सोडावॉटरची पहिली बाटली प्यायलो तेव्हा काहीतरी पाप केल्यासारखे वाटले, अशी आठवण त्यांनी पुढे लिहून ठेवली आहे. (आपल्यातल्या काही घरांत चहाबद्दल असेच होते, असे आजी सांगायची.) कार्ल बारा वर्षांचे होताहोता वडिलांनी शहर सोडून शेतावर घर केले. तिथे या मुलाला पतंगांचा, म्हणजे रात्री उडणाऱ्या फुलपाखरांचा, नाद लागला. ते पाळणे, अळ्या वाढवणे, नोंदी ठेवणे चाले. शेतीशास्त्र शिकायला म्हणून ते विस्कॉन्सिन विद्यापीठात गेले आणि १९२४ साली पदवी घेतली ती इतिहासाची. मधल्या काळात, १९२२ मध्ये, ख्रिस्ती विद्यार्थ्यांच्या जागतिक परिषदेसाठी त्यांची पेकिंगला निवड झाली. सहा महिन्यांच्या त्या प्रवासात आईवडिलांच्या धर्मापासून ते मनाने सुटले.

तरीही पाद्री व्हायचे म्हणून ते न्यू यॉर्कच्या युनियन सेमिनरीत दाखल झाले. तिथे एक मजेदार प्रकार घडला. काही विद्यार्थ्यांनी अर्ज केला की आम्हाला एक असा वर्ग द्या ज्यात शिक्षक शिकवणार नाही, आमचेच प्रश्न आम्ही घेऊ आणि त्याचे गुणही मिळावेत. संस्थेने एकच अट घातली, एक तरुण शिक्षक कोपऱ्यात बसेल, विचारल्याशिवाय बोलणार नाही. त्या वर्गातून विचार करताकरता बरेच जण धर्मोपदेशकाच्या वाटेवरून बाहेर पडले, रॉजर्सही. रस्त्यापलीकडेच कोलंबिया विद्यापीठाचे टीचर्स कॉलेज होते. तिथे ते मानसशास्त्र शिकू लागले.

१९२८ साली त्यांना रॉचेस्टर शहरात नोकरी मिळाली. मुलांवरील क्रूरता रोखणाऱ्या एका संस्थेचा बालअभ्यास विभाग होता, पगार वर्षाला २,९०० डॉलर. न्यायालयाने आणि अनाथालयांनी पाठवलेली मुले तपासायची आणि काय करावे ते सांगायचे. बारा वर्षे त्यांनी हेच केले. विद्यापीठांच्या नकाशावर ही जागा नव्हतीच. पण त्यांच्या पुढच्या सगळ्या शिकवण्याचे बी इथे आहे, म्हणून जरा थांबतो.

एक बाई तिच्या दांडगट मुलाला घेऊन येत असे. रॉजर्स यांचे निदान पक्के होते, आईने त्याला लहानपणी मनापासून स्वीकारलेलेच नाही, म्हणून मुलगा असा झाला. आता हे तिला उमजावे म्हणून ते आठवड्यामागून आठवडे हळुवार प्रश्न विचारत, तिच्याच बोलण्यातले दुवे जुळवून दाखवत. बाई पुढे सरकेना. शेवटी त्यांनीच हात टेकले. आपण दोघांनी प्रयत्न केला, जमले नाही, थांबूया, असे म्हणाले. तिनेही मान हलवली, हस्तांदोलन केले, दारापर्यंत गेली आणि वळून विचारले, इथे मोठ्या माणसांनाही मदत करता का? ते हो म्हणाले. ती परत येऊन खुर्चीत बसली आणि नवऱ्याशी बिनसलेल्या संसाराबद्दल, आपल्या पराभवाबद्दल बोलत सुटली. इतके दिवस तिने दिलेल्या कोरड्या हकिकतीशी त्याचा काही संबंध नव्हता. खरे काम त्या दिवशी सुरू झाले. मुलगाही पुढे सुधारला. कुठे दुखते ते दुखणाऱ्यालाच ठाऊक असते, आणि आपली हुशारी दाखवायची नसेल तर वाट त्यालाच दाखवू द्यावी, असा धडा त्यातून आपण घेतला, असे रॉजर्स सांगत.

१९३९ मध्ये मुलांच्या समस्यांवरील उपचारांबद्दलचे त्यांचे पुस्तक निघाले आणि त्या जोरावर ओहायो राज्य विद्यापीठाने १९४० साली त्यांना थेट पूर्ण प्राध्यापक म्हणूनच नेमले. खालच्या पायरीवरून सुरुवात केली असती तर आपल्याला इतके मोकळेपण कधीच मिळाले नसते, असे त्यांचे मत होते. आपल्याकडे वर्षानुवर्षे 'तात्पुरते' राहिलेल्या प्राध्यापकांना हे वाक्य दाखवू नये.

त्याच वर्षी ११ डिसेंबरला त्यांनी मिनेसोटा विद्यापीठात व्याख्यान दिले. मिनेसोटा म्हणजे विद्यार्थ्यांना सल्ला देण्याच्या शास्त्राची पंढरी. ई. जी. विल्यमसन यांचे त्या विषयावरचे पुस्तक आदल्याच वर्षी आले होते. चाचण्या घ्याव्या, निदान करावे, मग विद्यार्थ्याला योग्य ते सांगून पटवावे, असा तिथला संप्रदाय. त्यांच्याच अंगणात उभे राहून रॉजर्स म्हणाले की सल्ला देणे, समजूत घालणे, पटवणे हे सारे जुने झाले, माणसाला आपला प्रश्न आपण सोडवता यावा इतपत मोकळे करणे एवढेच नव्या पद्धतीचे काम. मोठी खळबळ उडाली, काहींनी टीकेची झोड उठवली. आपण काही जगावेगळे बोललो हे रॉजर्स यांना त्या दिवशी कळले. पुढे ते याच तारखेला आपल्या पद्धतीचा जन्मदिवस म्हणत.

पण मत मांडणे वेगळे आणि ते शिकवणे वेगळे. वकिलाने कोर्टात काय केले ते चारचौघांना दिसते, सर्जनचा हात विद्यार्थी पाहतो. बंद खोलीत दोन माणसे काय बोलली हे कोणाला दिसणार? तोवर शिकाऊ माणूस गुरूला येऊन सांगे, मी असे म्हणालो, तो तसे म्हणाला, आणि गुरू त्यावर बोलत. रॉजर्स आणि त्यांचा विद्यार्थी बर्नार्ड कोव्हनर यांनी खोलीत मायक्रोफोन लावला. टेप तेव्हा नव्हती. ग्रामोफोनच्या तबकडीवर आवाज कोरून घ्यावा लागे, आणि तबकडीची एक बाजू तीनेक मिनिटांत संपे. म्हणून दोन यंत्रे शेजारीशेजारी ठेवून, एक भरत आली की दुसरी चालू करायची. तासाभराच्या बोलण्याला किती तबकड्या लागत असतील याचा हिशेब वाचकांनीच करावा. मग त्या ऐकून शब्दन्‌शब्द उतरवून काढायचा. १९४२ च्या त्यांच्या पुस्तकात 'हर्बर्ट ब्रायन' या टोपणनावाच्या माणसाच्या आठ भेटींचे संपूर्ण संवाद छापलेले आहेत. असे काम तोवर कोणी छापले नव्हते.

तबकड्यांनी जे सांगितले ते शिकणाऱ्यांना झोंबणारे होते. समुपदेशकाने भेटीनंतर आठवून लिहिलेले टिपण आणि तबकडी यांत फार अंतर पडे, टिपणात बरेचसे गळालेले असे. दुसरे एक विद्यार्थी, इलायस पोर्टर, यांनी शब्दच मोजले. सल्ला देणाऱ्या पद्धतीचे समुपदेशक समोरच्याच्या जवळजवळ तिप्पट बोलत होते. रॉजर्स यांच्या पद्धतीचे समुपदेशक समोरच्याच्या निम्मेच. आणि पहिल्या गटाचे शब्द दुसऱ्याच्या जवळपास सहापट भरले.

इथे माझी एक लाजिरवाणी आठवण सांगतो. १९८० नंतरच्या दशकात शिक्षकांच्या एका प्रशिक्षणवर्गाला मला पाठवले होते. शिकवणाऱ्या बाईंनी प्रत्येकाला कॅसेट देऊन सांगितले, आपल्या एका विद्यार्थ्याशी, त्याला विचारून, दहा मिनिटांचे बोलणे टेप करून आणा. मी दहावीतला एक हुशार पण अलीकडे घसरलेला मुलगा निवडला. बोलणे झाले तेव्हा मला वाटले, छान समजावले आपण. रात्री घरी ती कॅसेट लावली. माझे वडील कसे शिकले, पंचा नेसून म्युनिसिपालिटीच्या दिव्याखाली कसे बसत, मेहनतीला पर्याय नाही, सगळे होते तीत. मुलगा चार वेळा 'हो सर' म्हणाला होता. एकदा तो म्हणाला होता, "सर, घरी जरा..." आणि मी त्याचे वाक्य तोडून वेळापत्रकावर गेलो होतो. समोर बसलेलो असताना ते 'जरा' मला ऐकूच आले नव्हते. दुसऱ्या दिवशी त्याला बोलावले, विचारले. "काही नाही सर," म्हणाला. पुढे त्याने शाळा सोडली. त्याच्या घरी काय होते ते मला आजतागायत समजलेले नाही.

तर, ओहायोत रॉजर्स यांनी हाच आरसा विद्यार्थ्यांपुढे धरला. विद्यापीठाच्या चार भिंतींत, वरिष्ठाच्या देखरेखीखाली, प्रत्यक्ष माणसांबरोबर समुपदेशनाचा सराव करवून घेणारा असा वर्ग त्याआधी झाला नसावा, असे त्यांना वाटे. थॉमस गॉर्डन आणि नॅथनिएल रास्किन ही पुढे गाजलेली नावे तिथलीच. गॉर्डन यांनी पुढे ही ऐकण्याची विद्या आईबापांच्या वर्गांपर्यंत नेली.

'रुग्ण' हा शब्द त्यांनी टाकला आणि 'क्लायंट' घेतला, वकिलाकडे जाणारा असतो तसा, स्वतःच्या पायांनी येणारा आणि निर्णय आपल्या हाती ठेवणारा. यामागे तत्त्व होते, तसे थोडे व्यवहारही. डॉक्टर नसलेल्याने मानसोपचार करू नयेत असे मनोविकारतज्ज्ञांचे म्हणणे असे. 'समुपदेशन' म्हटले की त्या भांडणातून वाट निघे.

१९४५ मध्ये शिकागो विद्यापीठाने त्यांना समुपदेशन केंद्र उभारायला बोलावले. युद्ध संपत होते, लाखो सैनिक घरी परतत होते आणि त्यांच्याशी बोलायला माणसे नव्हती. माजी सैनिकांच्या सरकारी खात्याने आपली माणसे शिकागोला पाठवली. रॉजर्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९४६ मध्ये थोड्या आठवड्यांच्या कसून घेतलेल्या वर्गांत त्यांना तयार केले. पीएचडीला लागणारी वर्षे नव्हती, म्हणून ध्वनिमुद्रणे ऐकणे, एकमेकांशी बोलून सराव करणे आणि लवकरात लवकर खऱ्या माणसासमोर बसणे, यांवर भर होता. त्याच सुमारास ते अमेरिकन मानसशास्त्र संघटनेचे अध्यक्ष झाले. केंद्रात प्राध्यापक, विद्यार्थी, कारकून सगळे एका बैठकीत बसून निर्णय घेत, म्हणजे आपल्या मंडळाच्या सर्वसाधारण सभेसारखेच, फक्त तिथे निर्णय होत असत.

आणि इथेच ते कोसळले. १९५० च्या आसपासची ही गोष्ट. एका अत्यंत अस्वस्थ स्त्रीबरोबर ते दीर्घकाळ काम करत होते. तिचे प्रश्न इतके अंगावर आले की आपण कुठे संपतो आणि ती कुठे सुरू होते हेच त्यांना समजेना. एके दिवशी तिला एका तरुण सहकारी डॉक्टरच्या हवाली करून ते घरी आले, पत्नी हेलन यांना म्हणाले, आपल्याला आत्ताच्या आत्ता निघायला हवे, आणि दोघे मोटारीने निघाले ते दोन-तीन महिने परतले नाहीत. परतल्यावरही आतून खचलेलेच होते. तेव्हा त्यांच्याच केंद्रातल्या एका सहकाऱ्याने त्यांना मदत देऊ केली आणि गुरुजी शिष्याच्या वयाच्या माणसासमोर क्लायंट म्हणून बसले. देशभरच्या समुपदेशकांना शिकवणाऱ्या माणसाने हे लपवले नाही, पुढे स्वतःच सांगितले. मला त्यांच्या साऱ्या सन्मानांहून हे मोठे वाटते. आपल्याकडे खाते चालवणारा माणूस साधी रक्तदाबाची गोळीही लपवून घेतो.

१९५७ मध्ये त्यांनी तो प्रसिद्ध निबंध लिहिला. माणूस बदलायला समुपदेशकाकडून तीन गोष्टी हव्यात आणि त्या पुरेत : सच्चेपणा, बिनशर्त स्वीकार आणि समानुभूती. 'पुरेत' या शब्दावर गदारोळ झाला. निदान नको, पदवी नको, विद्वत्ता नको? त्यांचे म्हणणे होते की या तीन गोष्टी व्याख्यानाने येत नाहीत आणि परीक्षेत मोजता येत नाहीत.

तेही सोपे नव्हतेच. त्यांच्या पद्धतीचे विडंबन त्यांच्या हयातीतच झाले. शिकाऊ माणसांनी धडा घेतला तो एवढाच की समोरच्याचे वाक्य फिरवून परत म्हणायचे. तेव्हाचा एक विनोद असा : क्लायंट म्हणतो, खिडकीतून उडी मारावीशी वाटते. समुपदेशक म्हणतो, तुम्हाला उडी मारावीशी वाटते. तो उडी मारतो, खाली आवाज येतो, धप्प. समुपदेशक खिडकीशी जाऊन म्हणतो, धप्प. पुढे १९६६ मध्ये जोसेफ वायझेनबाउम या संगणकतज्ज्ञाने 'एलायझा' नावाचा कार्यक्रम लिहिला, तो अशीच वाक्ये फिरवून देई, आणि लोक त्यापुढे मन मोकळे करू लागले तेव्हा वायझेनबाउमच धास्तावले. रॉजर्स यांना ही पोपटपंची फार लागे. गीतेचा पहिला अध्याय काढून पाहावा. भगवंतांच्या तोंडी तिथे जेमतेम एक वाक्य आहे, बाकी अर्जुन बोलतो आणि ते ऐकतात. ते ऐकणे म्हणजे काही अर्जुनाची वाक्ये परत म्हणणे नव्हे. आपण मात्र दुसऱ्या अध्यायापासूनच वाचतो.

१९५७ मध्येच रॉजर्स विस्कॉन्सिनला गेले, जिथे ते शिकले त्याच विद्यापीठात. स्किझोफ्रेनियाच्या रुग्णांवर आपली पद्धत तपासायची होती. प्रकल्प रखडला, संशोधनाची सामग्री गहाळ झाली, काम पुन्हा करावे लागले, सहकाऱ्यांत भांडणे झाली. निष्कर्षही बेताचेच निघाले : उपचार मिळालेला गट एकंदरीत दुसऱ्यापेक्षा सरस ठरला नाही. ज्यांना समानुभूती अधिक मिळाली ते मात्र बरे राहिले. मानसशास्त्र विभागाशीही त्यांचे पटेना. तिथे हुशार मुले परीक्षांमागून परीक्षांत गाळली जात होती, पाठांतर तपासले जात होते. त्यांनी पदव्युत्तर शिक्षणाविरुद्ध एक कळकळीचा लेख लिहिला. मानसशास्त्रज्ञांच्या मुख्य नियतकालिकाने तो छापायला नकार दिला, तेव्हा त्याच्या प्रती हातोहात फिरल्या आणि शेवटी तो १९६९ मध्ये त्यांच्या शिक्षणावरच्या पुस्तकात आला. तोवर ते विद्यापीठ सोडून गेले होते. १९६४ च्या आरंभी, बासष्टाव्या वर्षी, ते कॅलिफोर्नियातल्या ला होया इथे एका स्वतंत्र संस्थेत गेले आणि पुन्हा प्राध्यापकीकडे वळले नाहीत.

इथे माझे मत थोडे वेगळे पडते. परीक्षेवर त्यांचा राग रास्त होता, पण विद्यापीठ नसते तर त्या तबकड्या, ते शब्द मोजणारे विद्यार्थी आणि स्वतःच्या पद्धतीविरुद्ध जाणारे निकाल छापण्याची शिस्त कुठून आली असती? ला होयानंतरच्या त्यांच्या समूह-भेटींच्या वर्गांना गर्दी खूप झाली, पण तपासून पाहण्याची जुनी चिकाटी तिथे कमी झाली.

आपल्या मराठी मंडळींपर्यंत मानसोपचार पोचला तो मात्र दुसऱ्या वाटेने. १९६५ च्या एका प्रशिक्षणपटात ग्लोरिया नावाची एकच स्त्री तीन तज्ज्ञांपुढे बसते. त्यांतले एक रॉजर्स, दुसरे अल्बर्ट एलिस. एलिस रॉजर्स यांच्या नेमके उलट, वाद घालून अविवेक खोडून काढणारे. याच एलिस यांच्याशी कि. मो. फडके यांनी प्रदीर्घ पत्रव्यवहार केला आणि ती विचारसरणी मराठीत रुजवली. वाद घालून पटवणे आपल्या स्वभावाला मानवलेही असेल. १९८२ मध्ये अमेरिकन मानसशास्त्रज्ञांना सर्वांत प्रभावी मानसोपचारतज्ज्ञ कोण असे विचारले गेले, तेव्हा एलिस दुसरे आले, फ्रॉइड तिसरे, आणि रॉजर्स पहिले.

म्हातारपणी ते दक्षिण आफ्रिकेत गोऱ्या-काळ्यांच्या बैठकांत बसले. १९८६ मध्ये, चौऱ्याऐंशीव्या वर्षी, मॉस्कोत वर्ग घेतले. पुढच्या जानेवारीत पंच्याऐंशी पूर्ण झाली, थोड्याच दिवसांत पडून खुब्याचे हाड मोडले, आणि ४ फेब्रुवारी १९८७ रोजी ला होया इथे ते गेले. त्यांची कागदपत्रे वॉशिंग्टनच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसमध्ये जपून ठेवली आहेत.

हे सगळे प्रसादाच्या रांगेत सांगता येण्यासारखे नव्हते. मी सूनबाईंना एवढेच विचारले, मुलगा पुन्हा जायला तयार आहे का? ती म्हणाली, "तेच तर, बुधवार कधी येतो म्हणून विचारतो." सासूबाई म्हणाल्या, "घरी तर तोंडातून शब्द निघत नाही." एवढ्यात आमचा नंबर आला.